लोकसहभाग की वेठ?

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या सावेडीतील एका स्नेह्यांच्या ओसरीवर संध्याकाळची बैठक जमली होती. मंडळी सारी शिकलेली, पेन्शनीत निघालेली किंवा निघण्याच्या बेतात असलेली. त्यांतील दोघेतिघे नुकतेच भंडारदऱ्याकडे काजवे पाहून आलेले. साहजिकच बोलणे जंगलावर गेले. रस्त्यावर मोटारींची केवढी रांग लागली होती, जागोजाग पिठले-भाकरीची दुकाने कशी उभी राहिली होती, आणि ऐन रानात गावकऱ्यांची गुरे कशी खुशाल हिंडत होती, याचे सविस्तर वर्णन झाले. शेवटी एका निवृत्त अधिकारी गृहस्थांनी निकाल दिला, "ही माणसे तेथून हलविल्याखेरीज ते जंगल काही वाचावयाचे नाही." सर्वांनी माना डोलाविल्या. आम्हीही चहाचा पेला हाती धरून गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहो.

त्या निकालातील मौज वाचकांनी ध्यानात घ्यावी. काजव्यांच्या झाडांखालून डोळे दिपविणारे दिवे लावून गेलेल्या मोटारी गावकऱ्यांच्या नव्हत्या. त्या मुंबई-पुण्याच्या, नाशिकच्या आणि आमच्या नगरच्या होत्या. काजव्याचे चमकणे ही नराने मादीला घातलेली साद असते. भोवती झगझगीत उजेड असला म्हणजे ती साद पोचत नाही, आणि पावसाच्या तोंडाशी येणारा त्यांचा थोड्या दिवसांचा विणीचा हंगाम फुकट जातो. म्हणजे त्या रानाला उपद्रव देणारे आम्ही. आणि हलवावयाचे कोणास, तर ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच हिरड्या-जांभळींच्या सावलीत गेल्या त्या महादेव कोळी व ठाकर कुटुंबांस! पाहुण्याने ओटी घाण करावी आणि शिक्षा म्हणून यजमानास घराबाहेर काढावे, असा हा न्याय आहे.

हा विषय सावेडीपासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर आहे. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील त्याच डोंगरांतून मुळा नदी निघते, राहुरी तालुक्यात धरणाने अडते, आणि त्या धरणाचे पाणी आमच्या नळांना येते. तेव्हा तेथील रान राहते की जाते याविषयी आम्हां सावेडीकरांस मत असणे योग्यच होय. आमचे म्हणणे इतकेच की ते मत विचारान्ती बनलेले असावे. आमचे स्वतःचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो: राखीव रान टिकवावयाचे असेल तर त्याच्या आतल्या व शेजारच्या गावांस त्याच्या कारभारात निर्णयाचा अधिकार दिला पाहिजे. त्यांचे 'सहकार्य' घेणे किंवा त्यांची सभेस हजेरी लावणे म्हणजे अधिकार देणे नव्हे.

माणूस वजा केला की निसर्ग शिल्लक राहतो, ही कल्पना आमच्या देशातली नव्हे. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, आणि पुढे थोड्याच वर्षांत तेथे पूर्वापार वावरणाऱ्या मूळच्या लोकांस बाहेर काढण्यात आले. आमच्याकडे १८७८ च्या वनकायद्याने सरकारास जंगले 'राखीव' करण्याचा अधिकार मिळाला, आणि गुराख्याचा चालत आलेला हक्क ही एक सवलत होऊन बसली. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात, गायराने व डोंगर बंद झाल्याने कुणब्याच्या गुरांची काय दशा झाली, याचा जाब जंगलखात्यास विचारला आहे. इंग्रज गेला, खात्याचे नाव बदलले. परंतु रान म्हणजे सरकारी मालमत्ता आणि गावकरी म्हणजे संशयित चोर, हे समीकरण मात्र आमच्या सुशिक्षितांच्या मनात अद्याप पक्के आहे.

या समीकरणाची परीक्षा आमच्याच जिल्ह्यात होऊन गेली आहे. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर व नगर या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य जाहीर झाले. आमच्या जिल्ह्याचे एकंदर क्षेत्र १७,०४८ चौरस किलोमीटर. म्हणजे त्याच्या निम्म्याएवढा प्रदेश एका शासकीय आदेशाने पक्ष्याच्या नावे झाला. आमच्या बाजूचे कर्जत, श्रीगोंदे व नेवासे हे तालुके त्यात होते. नकाशावर रेघ ओढणाऱ्याने तिच्या आत काय आहे याची फिकीर केली नाही. आत शेते होती, विहिरी होत्या, बाजाराची गावे होती. ज्यावर माळढोक नांदतो तो उघडा माळ त्या मानाने फारच थोडा होता. मग जमिनीच्या खरेदी-विक्रीस अडथळा आला, जमीन बिगरशेती करावयाची तर अडथळा आला, कारखाना-रस्त्यास अडथळा आला. मुलीच्या लग्नासाठी एकरभर जमीन विकू पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या वाटेत, त्याने जन्मात कदाचित न पाहिलेला एक पक्षी येऊन उभा राहिला. हे तीस वर्षांहून अधिक काळ चालले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. पण तोवर पक्षी हातचा गेला होता. हल्ली या माळांवर एखादा माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्रातली बातमी होते. साऱ्या देशात मिळून हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले असावेत असा जाणकारांचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात, जैसलमेरकडे आहेत.

माळढोक केवळ या एका चुकीने गेला असे आम्ही म्हणत नाही. माळ नांगराखाली आला, कालव्यांचे पाणी आले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या, शिकारीही झाल्या. शिवाय ओसाड दिसते म्हणून माळावर झाडे लावण्याचा उद्योग खुद्द सरकारी खात्यांनीच केला. गवताळ माळ हे एक स्वतंत्र जग आहे, ती जंगल व्हावयाची राहून गेलेली जमीन नव्हे, हे कोणी ध्यानात घेतले नाही. धनगर पिढ्यान्‌पिढ्या त्या माळावर मेंढरे फिरवीत आला. गवत कोठे आखूड आहे, पाखरू कोठे बसते, हे त्यास पाठ होते. परंतु त्याला विचारावयाचे कोणी? या सर्वांहून मोठी गोष्ट ही की माळढोकाची मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, आणि तेही उघड्या जमिनीवर. शेजारच्या शेतकऱ्यास तो पक्षी एकदा वैरी वाटू लागला की त्या एका अंड्याचे रक्षण जगातला कोणताही रखवालदार करू शकत नाही. साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचा हुकूम काढता येतो, पण तितक्या मुलखात अंड्याअंड्यापाशी शिपाई उभा करता येत नाही. तेथे उभा राहू शकला असता तो शेतकरीच. आणि त्यालाच आम्ही प्रतिपक्षात ढकलले.

कर्जत तालुक्यातीलच रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य घ्या. १९८० साली स्थापन झालेले हे रान अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. काळविटांस इतकी जागा पुरत नाही. रात्री ते शेजारच्या ज्वारीत, हरभऱ्यात उतरतात. पीक खाल्ले म्हणजे शेतकऱ्याने अर्ज करावा, पंचनामा करून घ्यावा, नुकसानभरपाईसाठी खेपा घालाव्यात. म्हणजे तेथील काळवीट सरकारच्या गवतावर जगतो तितकाच शेजाऱ्याच्या सोशिकपणावरही जगतो. तो सोशिकपणा संपला तर काय होते, हे माळढोकाने दाखवून दिले आहे. रेहेकुरीच्या काळविटांवर तीच पाळी येऊ द्यावयाची काय, हा आमचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, आमच्या जिल्ह्यात अंमल ढिला होता. कडक बंदी केली असती तर निराळे घडले असते. त्यांच्यासाठी भरतपूरचे उदाहरण देतो. तेथील केवलादेव उद्यानात १९८२ साली म्हशींची चराई एकाएकी बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. बंदी पूर्ण यशस्वी झाली. आणि मग असे दिसून आले की ज्या गवतास म्हशी खाऊन आटोक्यात ठेवीत होत्या ते पाणथळीत माजले, उघडे पाणी झाकले गेले, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्या पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. हा निष्कर्ष कोणा चळवळ्याचा नव्हे; पूर्वी चराईबंदीच्या बाजूने असलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून तो निघाला. शास्त्रज्ञाने चूक कबूल केली ही शास्त्राची थोरवी होय. परंतु म्हैस राखणाऱ्याला आधी विचारले असते तर कदाचित माणसांचे प्राण वाचले असते.

आता दुसऱ्या बाजूचे पाहू. गावे रान राखू शकतात काय? आमच्या सह्याद्रीतील देवरायांनी या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७० नंतरच्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून दाखविले की भोवतालचे डोंगर बोडके झाले तरी देवाच्या नावाने गावाने राखलेल्या या तुकड्यांत जुने वृक्ष व वेली शिल्लक राहिल्या आहेत. त्यांना ना तारेचे कुंपण होते, ना पगारी रखवालदार. देवाचा धाक होता, हे खरे. पण त्या धाकाची अंमलबजावणी करणारे गावच होते.

श्रद्धेचा काळ गेला असे म्हणणाऱ्यांनी सावेडीहून तासाभरात पोचता येणाऱ्या हिवरे बाजारास जाऊन यावे. अवर्षणाच्या पट्ट्यातले हे गाव एके काळी दारूच्या भट्ट्यांसाठी व भांडणांसाठी प्रसिद्ध होते. त्याच्या टेकड्या उघड्या पडल्या होत्या आणि तरणी माणसे पोटासाठी बाहेर गेली होती. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी ग्रामसभेत ठरविली. गवत विळ्याने कापून डोक्यावरून न्यावे, जनावर रानात सोडू नये, असा नियम केला. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास मनाई केली. त्या टेकड्या वनखात्याच्याच आहेत आणि चराईबंदी तीच आहे. फरक इतकाच की भरतपुरात ती पोलिसांनी आणली आणि हिवरे बाजारात ज्यांची गुरे होती त्यांनीच आणली. म्हणून तेथे ती वर्षानुवर्षे टिकली.

कोकणात वेळास गावी समुद्रकासवांची अंडी गोळा करून खाल्ली व विकली जात. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांसच त्या अंड्यांचे राखणदार केले. पुढे पिले समुद्रात जाताना पाहण्यास लोक येऊ लागले, त्यांची राहण्याजेवण्याची सोय गावातल्या घरांतून झाली, आणि कासव जिवंत राहण्यात गावाचा स्वार्थ निर्माण झाला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावास २००९ साली आपल्या भोवतालच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभा सर्वांच्या सहमतीने निर्णय करते, आणि निर्णयापूर्वी विषयाचा अभ्यास करण्यासाठी गावाने अभ्यासगट चालविला आहे. आमच्या कित्येक विद्वत्सभांस हा धडा घेण्याजोगा आहे.

यावर आमच्या ओसरीवरील मंडळी म्हणतील, "मग तुम्ही मागता ते चाललेच आहे, सरकारही हल्ली लोकसहभागाचीच भाषा बोलते." खरे आहे, आणि आमचा खरा वाद तेथेच आहे. संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण केंद्राने १९९० साली जाहीर केले, महाराष्ट्राने १९९२ साली त्याचा ठराव केला. गावोगाव समित्या झाल्या. त्यांचे सचिवपद बहुधा वनखात्याच्याच माणसाकडे राहिले. वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन अभयारण्यासाठी पंचायतीच्या प्रतिनिधींसह सल्लागार समितीची तरतूद झाली. पण तिचे नावच सल्लागार. झाडे लावावयाची असली, वणवा विझवावयाचा असला, मंत्र्यांच्या स्वागतास माणसे जमवावयाची असली की लोकसहभाग आठवतो. कोठली वाट बंद करावयाची, कोणत्या माळावर किती दिवस चराई द्यावयाची, पर्यटकांकडून आलेले पैसे कशावर खर्च करावयाचे, हे ठरविताना मात्र तो कोणास आठवत नाही. 'सहभाग' या शब्दातील 'सह' तेवढा गावास दिला आणि 'भाग' सरकारदरबारी ठेवून घेतला. जुन्या काळी पाटील-कुलकर्ण्यांच्या निरोपावर बिनमोल राबणे होत असे, त्यास आपल्या भाषेत वेठ म्हणत. तिला नवे नाव मिळाल्याने ती काही हक्क होत नाही.

वास्तविक कायदा याहून पुष्कळ पुढे गेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस आपले सामूहिक वन राखण्याचा व त्याचा कारभार पाहण्याचा हक्क दिला, आणि अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने त्यातून वगळली नाहीत. कर्नाटकातील बिळिगिरी रंगनाथ डोंगरांत सोलिग लोकांस २०११ साली व्याघ्रप्रकल्पाच्या आतही असे हक्क मिळाले, आणि तेथील वाघ काही त्यामुळे नाहीसे झाले नाहीत. उलट १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यांतून वाळलेली-पडलेली झाडे व गवत नेण्यास मनाई केली. तो हुकूम रानाच्या लुटीस आळा घालण्यासाठी होता, आणि हेतू चांगलाच होता. पण भारा बांधणारी बाई आणि ट्रक भरणारा ठेकेदार यांस त्याने एकाच मापाने मोजले. सारे नियम दुरून केले म्हणजे असे व्हावयाचेच.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप, गावकरी अडाणी आहेत. रानाच्या बाबतीत अडाणी कोण, हे भरतपूरने ठरविलेच आहे. शास्त्राची गरज नाही असे आम्ही मुळीच म्हणत नाही. काजव्यांची वा काळविटांची मोजदाद कशी करावी हे शास्त्रज्ञानेच शिकवावे. पण मोजदादीचे कागद मराठीत असावेत आणि ते गावाच्या चावडीवर वाचले जावेत.

दुसरा आक्षेप, गावकरी लोभी आहेत. आहेतच, आपल्यासारखेच. रानाला वणवा लावणारे, फासे टाकणारे, सागाचे ओंडके रातोरात विकणारे लोक गावांतच राहतात, हे नाकारणारा मनुष्य एक तर भोळा असला पाहिजे किंवा लबाड. परंतु लोभास आवर घालण्याचे दोनच मार्ग आहेत, धाक आणि स्वार्थ. पैकी धाकाचा पुरवठा आपल्यापाशी नेहमीच अपुरा असतो. वऱ्हाडात ज्या फासेपारध्यांस सारे जग शिकारी म्हणून हिणविते, त्यांतील काही वस्त्यांनी तणमोरासाठी गवताची राने राखली आहेत. फासा टाकणाऱ्याइतके पाखराचे ज्ञान कोणास असणार? ते ज्ञान कोणत्या बाजूस लागावे, हे बव्हंशी आपल्या वागणुकीवर अवलंबून आहे.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. गाव ही काही एकजीव वस्तू नाही. तेथे बडे शेतकरी आहेत, भूमिहीन आहेत, भाऊबंदकी आहे, निवडणुका आहेत. अधिकार 'गावास' दिला म्हणजे तो चार धटिंगणांच्या हाती पडेल आणि बाया, मेंढपाळ, पारधी पूर्वीप्रमाणेच वेशीबाहेर राहतील. ही भीती खरी आहे. कुंपणानेच शेत खाल्ल्याची उदाहरणे गावांतही आहेत आणि कचेऱ्यांतही आहेत. पण या रोगावर उपाय अधिकार काढून घेणे हा नव्हे. तो उघड्यावर आणणे हा होय. ग्रामसभा भर चावडीवर व्हावी, हिशेब फळ्यावर लिहावा, हंगामी येणाऱ्या धनगरासही चराईच्या वाटाघाटीत जागा असावी, आणि सरपण-पाणी आणणाऱ्या बायांच्या संमतीवाचून रानाची कोणतीही वाट बंद होऊ नये. महानगरपालिकेत भ्रष्टाचार होतो म्हणून आमच्या सावेडीकरांचा मताधिकार काढून घ्या, असे आजवर कोणी सुचविलेले आम्ही ऐकले नाही. मग तोच न्याय अकोल्याच्या वाडीस का नको?

आमच्या मागण्या फार नाहीत. अभयारण्याची हद्द वा नियम बदलावयाचा असेल तर तो मराठीत लिहून आधी ग्रामसभेपुढे यावा. पीक खाल्ल्याची भरपाई ठरल्या मुदतीत शेतकऱ्याच्या हाती पडावी. काजव्यांच्या दिवसांत किती मोटारी आत सोडावयाच्या, त्या कोठे थांबवावयाच्या, हे स्थानिक ग्रामसभांनी ठरवावे. आणि पाहुण्यांकडून मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा त्यांच्याकडे जावा. नेपाळसारखे गरीब राष्ट्रदेखील आपल्या राष्ट्रीय उद्यानांच्या उत्पन्नातील ३० ते ५० टक्के भाग भोवतालच्या वस्त्यांसाठी राखून ठेवते. आम्हांस ते अशक्य का असावे? आणि हे सारे देऊनही एखाद्या गावाने रान राखले नाही, तर त्यास जाब विचारण्याचा अधिकार सरकारास खुशाल असावा. ज्यास अधिकार दिला त्यालाच जाब विचारता येतो. वेठबिगाऱ्यास कसला जाब विचारणार?

असो. ज्या गृहस्थांनी त्या संध्याकाळी निकाल दिला ते आमचे जुने मित्र आहेत, आणि निसर्गावरील त्यांच्या प्रेमाविषयी आम्हांस शंका नाही. येत्या ज्येष्ठात ते पुन्हा काजवे पाहण्यास जाणार आहेत. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की या खेपेस त्यांनी मोटार गावाबाहेर उभी करावी, कंदील घरीच ठेवावा, आणि ज्या माणसांस हलवावे असे ते म्हणतात त्यांपैकीच कोणा एकास वाट दाखवावयास सोबत घ्यावे. अंधारात त्या माणसाच्या मागून चालताना या विषयाचा त्यांनी पुन्हा एकदा विचार करावा. आम्हीही त्यांच्याबरोबर जाऊ म्हणतो.